घोडाचोराची बहीण आणि आमचे फौजदार

बाबा आमच्याकडे ॲन आर्बरला आले, त्याच आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या एका माणसाला हात करून थांबवलं आणि "व्हेअर गोइंग?" असं विचारलं. माणूस बिचारा स्वतःच्या कुत्र्याला फिरवायला निघाला होता. त्याने निमूटपणे सांगितलं, कुत्र्याचं नावही सांगितलं. बाबांनी मान हलवून त्याला जायची परवानगी दिली. मी खिडकीतून पाहत होते. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"बाबा, इथे असं कोणाला विचारायचं नसतं!" मी तडकलेच.

"काऊन? त्याने तर सांगितलं."

नागपूरला पोलिसात सगळी हयात काढून बाबा फौजदार म्हणून रिटायर झाले होते. ही गोष्ट दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातली. आई वहिनीच्या बाळंतपणासाठी नागपूरलाच थांबलेली, त्यामुळे बाबा एकटेच आले. मी दिवसभर युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, नवरा ऑफिसात. मग हा माणूस दिवसभर करणार काय? सकाळी उठून सगळ्या गल्लीच्या दारांची कुलपं पाहून यायचे. लोकांच्या दारात पार्सलं तशीच पडलेली असायची, त्याचं त्यांना फार दुःख. "हा चोरांचा अपमान आहे," म्हणायचे. "त्यांनी कष्ट तरी काय करावेत?"

आम्ही भाड्याने राहत होतो त्या घराचे दोन भाग होते. एकात आम्ही, दुसऱ्यात ऐंशी केव्हाच ओलांडलेली एक म्हातारी. व्हरांडा दोघांत मिळून एकच. तिचे आईबाप पोलंडहून बोटीने आलेले, बालपण डेट्रॉइटच्या बाजूला गेलेलं, नवऱ्यामागे ती एकटीच राहत होती. ठणठणीत बाई. लिपस्टिक लावल्याशिवाय पोस्टाच्या पेटीपर्यंतसुद्धा जायची नाही. मी कौतुकाने तिला सांगितलं, की माझे वडील इंडियात पोलीस ऑफिसर होते. मला वाटलं, म्हणेल 'हाऊ नाइस'. ती घाईघाईने आपल्या दाराआड गेली. दुसऱ्या दिवशी खसखशीचा केक घेऊन हजर, आणि बगलेत एक जाड पाकीट.

"ऑफिसर," ती बाबांना म्हणाली. तिने शेवटपर्यंत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही. "माझा थोरला भाऊ गँगस्टर होता. मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे."

मी चहा ओतत होते, तो बशीत गेला.

तिच्या भावाचं नाव मी इथे लिहीत नाही, तिला तसा शब्द दिला आहे. एवढं सांगते, की डेट्रॉइटच्या जुन्या लोकांना ते नाव माहीत होतं आणि ते घेताना लोक आवाज खाली आणायचे. तुरुंगातल्या दवाखान्यातच तो गेला, त्यालाही खूप वर्षं झाली होती. आता तिच्या भाचीने घराण्याचा इतिहास गोळा करायचं मनावर घेतलं होतं. तिने कुठून कुठून अर्ज करून मामाच्या सुरुवातीच्या सगळ्या अटकांचे कागद मिळवले आणि एक प्रत मावशीला पाठवली. पुढच्या रविवारी तळ्याकाठी सगळ्या नातेवाइकांचं संमेलन होतं. तिथे हे कागद टेबलावर मांडून ठेवणार होते.

बाबांनी चष्मा लावला. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की अमेरिकेत आल्यापासून मी तो तसा पाहिलाच नव्हता. नायगारा बघतानासुद्धा नाही.

"अटक, सोडला. अटक, सोडला. अटक, पुराव्याअभावी सोडला," ते बोट ठेवून वाचायला लागले. "बाप्पा! इथेपण पुराव्याअभावी? मला वाटलं हे आपल्याकडेच होते." पुढे विनाकारण कोपऱ्यावर उभा राहिला म्हणून अटक. लायसन नसताना रात्री नदीकाठी ट्रक चालवला म्हणून अटक (नदीपलीकडे कॅनडा, चोरटी दारू तिथूनच यायची), आणि ट्रकमध्ये काय होतं त्या रकान्यात 'रिकामा'. बाबा खो खो हसले. "दारूबंदीच्या दिवसात, रात्रीच्या वेळी, नदीकाठी रिकामा ट्रक! त्या शिपायाने आपला वाटा घेतलेला दिसते. अगं, हे तर आमच्याच ठाण्याचं रेकॉर्ड वाटून राहिलं." मग त्यांनी गंभीरपणे तिला विचारलं, की याला तडीपार का नाही केलं?

तडीपार म्हणजे काय ते मी तिला समजावून सांगितलं, की माणसाला जिल्ह्याबाहेर हाकलून देतात. ती म्हणाली, "काही उपयोग झाला नसता. आमची आई त्याच्याबरोबर सामान बांधून गेली असती."

संध्याकाळी नवऱ्याला हे कळलं आणि तो हादरलाच. "अगं, आपलं ग्रीन कार्डचं फिंगरप्रिंटिंग व्हायचंय! एफबीआय नाव तपासतं. आणि तुझे बाबा गँगस्टरच्या बहिणीकडे चहा पितायत? कॅन्सल कर ते सगळं, यार!" मी म्हटलं, ती ऐंशीच्या वरची आहे, भाऊ केव्हाच मेलाय. तो म्हणाला, "कॉम्प्युटरला काय कळतंय?" त्यानंतर काही दिवस तो व्हरांड्यातून मान खाली घालून, अंग चोरून जायचा. त्याच्याइतका संशयास्पद माणूस साऱ्या मिशिगनमध्ये नसेल.

तिला जे विचारायचं होतं, ते त्या यादीतल्या पहिल्याच ओळीबद्दल होतं. भाऊ पंधरा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा अटक झाली. गुन्हा : घोडा चोरणे.

त्यांच्या गल्लीत बर्फवाला घोडागाडी घेऊन यायचा. एके दिवशी तो बर्फाची लादी खांद्यावर टाकून एका घरात गेला, तेवढ्यात याने गाडीवर उडी मारली आणि लगाम हातात घेतला. घोडा निघाला. निघाला तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन थांबला. रोजची सवय! याने हाकलला, चुचकारला, शिव्या घातल्या. घोडा आपला रोज जेवढा वेळ थांबायचा तेवढा वेळ थांबला आणि मग पुढच्या दारी गेला. बायका परात घेऊन बाहेर. गाडी आली, तर बर्फ नको का? हा काय करणार? उतरून बर्फ फोडून द्यायला लागला. अशी चारदोन घरं झाल्यावर मागून खरा बर्फवाला बोंबलत धावत आला, आणि हा सगळं टाकून पळाला. त्यांच्या घराच्या मागे शेजाऱ्यांची कोळशाची खोली होती, तिच्यात जाऊन लपला.

हे सांगताना ती इतकी हसली, की लिपस्टिक हनुवटीला लागली. बाबांना तर ठसकाच लागला. "असा पहिला गुन्हा मी कोणाचाच नाही पाहिला," म्हणाले. "चोरी करता करता धंदा करून दिला मालकाचा!"

मग तिचं हसू थांबलं.

"थोड्या वेळाने पोलीस आला. मी सहा वर्षांची होते, पायरीवर बसले होते. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हसून म्हणाला, 'तुझा भाऊ कुठे आहे गं?' मी कोळशाच्या खोलीकडे बोट दाखवलं."

तिला वाटलं होतं लपाछपी चाललीय, आणि पोलिसावर राज्य आहे.

भावाला सुधारगृहात पाठवलं. सुधारगृहातच त्याला ती पोरं भेटली, ज्यांच्याबरोबर पुढे त्याने सगळं केलं. तिची आई मरेपर्यंत म्हणायची, 'हिने बोट दाखवलं नसतं, तर माझा मुलगा बर्फाच्या कारखान्यात लागला असता.' थोरली बहीणही तेच म्हणायची. त्या बहिणीची मुलगी म्हणजेच ही कागद गोळा करणारी भाची. भाऊ स्वतः मात्र कधीच काही बोलला नाही. उलट प्रत्येक वाढदिवसाला तिला नवी टोपी आणायचा.

"ऑफिसर, माझ्यामुळे झालं का हो ते? तुम्ही पोलीस आहात, तुम्हाला कळेल. माझ्यामुळे झालं असेल, तर मी रविवारी जाणार नाही. त्या टेबलाजवळ उभं राहून मला परत ते ऐकायचं नाही."

मी भाषांतर करता करता अडखळले. मला तिच्या त्या मेलेल्या आईचा असा राग आला! सहा वर्षांच्या पोरीच्या माथी आयुष्यभराचं खापर! मी म्हणणार होते, 'छे, छे, असं काही नसतं हो', आपण म्हणतो तसं. बाबांनी हात वर केला.

"जबाब घ्यावा लागेल," ते म्हणाले.

"काय?"

"बाईंचा जबाब. तोंडी गोष्टीवर मी मत देत नाही. कागद आण."

आणि खरंच सांगते, आमच्या त्या व्हरांड्यात, मिशिगनच्या उन्हात, बाबांनी पोलिश आईबापांच्या पोरीचा जबाब अस्सल पोलिसी मराठीत लिहायला घेतला. 'मी खाली सही करणार, धंदा घरकाम, समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देते की...' प्रश्न ते विचारायचे, इंग्रजी मी करायची, उत्तर ती द्यायची, मराठी पुन्हा मी करायची. पोलीस कुठल्या बाजूने आला? कोळशाच्या खोलीला दारं किती? कुत्रं होतं का? भुंकलं का? पोलीस किती होते? ती म्हणाली, एकच. बाबांनी लिहिलं, 'मला एकच दिसला'. पिझ्झाच्या कूपनांच्या मागे त्यांनी जागेचा नकाशासुद्धा काढला. ती मोठ्या उत्साहाने त्यात घरं दाखवत होती, कोणाकडे सफरचंदाचं झाड होतं, कोणाची बायको पळून गेली होती. त्याही बायकोची बाबांनी चौकशी केली. तपासाशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "आता लिहा, की माझ्यामुळे माझा भाऊ वाया गेला."

"नाही," बाबा म्हणाले. "तुम्ही बोट दाखवलं, एवढं लिहितो. 'माझ्यामुळे' लिहीत नाही. ते जबाबात येत नाही."

"मग माझ्यामुळे नाही, असं लिहा."

"तेही लिहीत नाही."

मी हळूच मराठीत म्हटलं, "लिहून टाका ना बाबा. तिचं समाधान होईल. तिला कुठे मराठी कळतंय?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा चौथीत गेले. "खोटा पंचनामा केला नाही म्हणून माझी गडचिरोलीला बदली झाली. तुझी शाळा बुडाली होती, आठवते? आणि आता म्हातारपणी लिहू?"

मग त्यांनी सगळा जबाब वाचून दाखवला. 'वरील जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिला असून तो मला वाचून दाखविला' या शेवटच्या ओळीचं मी भाषांतर केलं, तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आमच्या घरात मला कधीच कोणी वाचून दाखवलं नाही. नुसतंच सांगितलं, की तुझ्यामुळे झालं." आणि तिने खाली झोकदार सही केली.

पुढचे काही दिवस बाबांचा तपास चालू होता. तपास म्हणजे काय, तर व्हरांड्यात येरझाऱ्या घालणं, मध्येच थांबणं, 'हं' म्हणणं. मी वैतागले. "अहो, त्या गोष्टीला पाऊणशेच्या वर वर्षं झाली! काय तपासताय?" ते पुन्हा 'हं' म्हणायचे. पलीकडच्या दाराचा पडदा हळूच हलायचा. म्हातारी वाट बघत होती. तिने दोनदा केक आणून दिला, पण विचारलं काही नाही. मला तर वाटायला लागलं, की हा हट्टी माणूस नियमावर बोट ठेवून म्हणणार, 'होय बाई, तुम्हीच दाखवलंत', आणि मोकळा होणार. शनिवारी मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की आता मीच काहीतरी थाप मारून तिला रविवारी पाठवते. तो म्हणाला, "तू यात पडू नकोस. फिंगरप्रिंटिंग आहे."

त्याच दिवशी जेवणानंतर बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला घेऊन तिच्या दारात गेले. बसले नाहीत, उभ्यानेच सांगायला लागले.

"मॅडम. तपास पूर्ण झाला. तुम्ही बोट दाखवलं, हे खरं. पण बर्फवाल्याने त्याला तिकडे पळताना पाहिलं होतं, पोलिसांना ती जागा आधीच माहीत होती."

मी भाषांतर केलं. ती खुर्चीचा हात धरून उभी राहिली.

"अशा कामाला आम्ही कधी एकटे जात नाही. दोन माणसं असतात. एक मागच्या बाजूने जाऊन लपायच्या जागेपाशी उभा राहतो. दुसरा पुढून येतो. दारात लेकरू असेल तर त्याच्यापाशी बसून गोड बोलतो, म्हणजे ते आरडाओरडा करून आतल्या माणसाला सावध करत नाही. बस, तेवढ्यासाठीच विचारतो. तुम्हाला एकच दिसला, कारण दुसरा कोळशाच्या खोलीमागे होता. तुम्ही आकाशाकडे बोट दाखवलं असतं, तरी तुमचा भाऊ सापडलाच असता. जगात सगळीकडचे पोलीस असंच करतात."

ती खुर्चीत बसली. मग एकदम म्हणाली, "दुसरा होता?"

"होता."

"आणि माझ्या आईला हे कोणीच सांगितलं नाही?"

"पोलीस सांगत नाहीत, मॅडम. आमची पद्धत नाही."

तिने बाबांचे दोन्ही हात धरले आणि रडत रडत हसायला लागली. मीही रडले, लपवून काय करू? बाबा अटेन्शनमध्ये उभे.

रविवारी ती पिवळा ड्रेस घालून, मोठी टोपी डोक्यावर चढवून संमेलनाला गेली. भाचीचा मुलगा गाडी घेऊन आला होता. आमच्याकडे पाहून तिने लग्नातल्या नवरीसारखा हात हलवला. आम्ही दोघं मग जवळच्या कँटन गावी, देशी किराणा आणायला निघालो. मी खुशीत होते. नवऱ्याने भेंडीबरोबर समोसेसुद्धा आणायला सांगितले होते.

"खरंच बाबा, तुम्ही कमाल केलीत. तो दुसरा पोलीस कसा काढलात शोधून?"

"नव्हता," बाबा म्हणाले.

"म्हणजे?"

"एका घोडाचोर पोट्ट्यासाठी दोन-दोन शिपाई कोणता साहेब पाठवते? एकच होता. तिने बोट दाखवलं, म्हणून सापडला."

मी गाडी उजव्या लेनमध्ये घेतली आणि हळू केली. "तुम्ही खोटं सांगितलंत तिला?"

"हो."

"तुम्ही?"

बाबा समोर रस्त्याकडे पाहत होते. "मोठी माणसं बोलत नाहीत गं. बाया तर दारच लावून घेतात. मग ओट्यावर लेकरू खेळताना दिसलं, की आम्ही त्याच्यासमोर उकिडवे बसायचो. हसून विचारायचं, 'बाबा कुठे गेले रे? दादा कुठे लपला गं?' लेकरू लगेच सांगते. सगळ्यात सोपा तपास. कितीदा केला मी, गिनती नाही. पुढे त्या लेकरांचं घरी काय झालं, ते पाहायला कधी परत गेलो नाही."

लहानपणी ओट्यावर माझ्यासमोरही ते असेच बसायचे आणि हसून विचारायचे, 'आज शाळेत काय झालं?' मी सगळं सांगायची.

"आता त्यांना कुठे शोधत फिरू?" बाबा म्हणाले. "ही समोर होती. हिला सांगितलं."

आम्ही किराणा घेतला. समोसे विसरलो, त्यावरून घरी बोलणी खाल्ली.

संध्याकाळी ती परत आली ती थेट आमच्याच दारात. उन्हाने लाल झालेली, टोपी वाकडी, आवाज बसलेला. तिने सगळ्यांना दुसऱ्या पोलिसाची गोष्ट सांगितली होती. दोनदा. भाचीने तर मिठी मारून माफी मागितली आणि म्हणाली, की घराण्याच्या इतिहासात हे लिहायलाच हवं. मी बाबांकडे पाहिलं नाही. माझं धाडसच झालं नाही.

"ऑफिसर," ती जाता जाता दारातून वळून म्हणाली, "तो पुढचा पोलीस, माझ्यासमोर बसलेला... त्याला मी पुढे कधी आठवले असेन का हो?"

बाबा उठून उभे राहिले. या वेळी ते माझ्यासाठी थांबले नाहीत, स्वतःच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यांनीच उत्तर दिलं.

"येस, मॅडम. आफ्टर रिटायरमेंट."

ती खळखळून हसली. तिला तो विनोद वाटला.